डिसेंबरात आमची बचावफळी का फुटायची

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी मला मॅच बसून बघता येत नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेजारचा माणूस भडंगाचा पुडा पुढं करतो, "बसा की सर" म्हणतो. मी बसतो, आणि समोरच्या संघानं मधून बॉल ढकलला की उठून उभा राहतो. मागचे ओरडतात. मग मी खाली जातो, जाळी धरून उभा राहतो आणि नव्वद मिनिटं फक्त बचावफळीतली चार पोरं बघतो. गोल कुणी मारला हे मला पुष्कळदा कळतच नाही, खाल्ला कसा तेवढं कळतं. बायको म्हणते, दुसऱ्याच्या लग्नात जाऊन भात करपलाय का ते बघणारा माणूस आहे हा. मी नाही म्हणत नाही.

सव्वीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे मैदानावर फक्की मारून घ्यायची, फाटक्या जाळ्या शिवून घ्यायच्या, खेळणाऱ्या पोरांची हजेरी भरून निघावी म्हणून प्राध्यापकांच्या मागं फिरायचं आणि स्नेहसंमेलन आलं की प्राचार्य हमखास म्हणणार, "सर, तेवढं खुर्च्यांचं तुम्ही बघा." या सगळ्यातून जो वेळ उरेल त्यात संघ तयार करायचे. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, सगळे केले. पण माझा जीव अडकला तो फुटबॉलमध्ये, आणि अजून सुटलेला नाही.

बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल की कोल्हापुरात फुटबॉल हा कॉलेजचा खेळ नाही, पेठांचा आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, लाल मातीची. पण इथल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यांचे रंग असतात, झेंडे असतात, आणि पोरगं चालायला लागलं की त्याला त्या रंगाचा टी-शर्ट चढतो. डिसेंबरच्या सुमाराला पेठांचा हंगाम सुरू होतो. मग दोन तालमींची मॅच असली की अर्धं गाव स्टेडियममध्ये आणि उरलेलं अर्धं मोबाइलवर.

मी मूळचा आजऱ्याचा. आमच्याकडं काजू आणि घनसाळ तांदूळ. पेठ नाही आणि तालमीचा झेंडाही नाही. नोकरीला लागलो तेव्हा या पेठांच्या भानगडी बघून मी पहिल्याच आठवड्यात एक नियम केला. कॉलेजच्या मैदानावर पेठेचं किंवा तालमीचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्यानं मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. या नियमाचा मला फार अभिमान होता. नव्या प्राध्यापकांना मी तो चहा पिता पिता ऐकवायचो. माझ्या संघात सगळी पोरं एक आहेत, असं छाती फुगवून सांगायचो.

आता मूळ दुखण्याकडं येतो. जुलैत आमचा सराव सुरू व्हायचा. ऑगस्ट-सप्टेंबरात आमची बचावफळी अशी खेळायची की बघणाऱ्यानं हेवा करावा. ऑक्टोबरात विभागीय सामने आम्ही जवळजवळ न खाता काढायचो. आणि नोव्हेंबर सरला की त्याच चार पोरांमधून समोरचे पास असे निघायचे की जणू दार उघडं ठेवून घरचे गावाला गेलेत. एका वर्षी नव्हे, वर्षानुवर्षं. आंतरविभागीय स्पर्धा डिसेंबरात असायची, आणि डिसेंबरात आम्ही फुटायचो.

बचावाचं शास्त्र साधं आहे. समोरचा गडी पास मारतो त्या क्षणाला, पास घेणारा जर आपल्या शेवटच्या बचाववाल्याच्याही पुढं गोलकडं उभा असला, तर तो ऑफसाइड. म्हणून चौघा बचाववाल्यांनी एका ओळीत राहायचं आणि योग्य वेळी सगळ्यांनी मिळून दोन पावलं वर चढायचं. समोरचा आपोआप मागं सापडतो. हे जमायला वेग लागत नाही, आवाज लागतो. एकानं "वर!" म्हणायचं आणि चौघांनी चढायचं. एक जरी मागं राहिला तर त्याच्या पायापाशी ओळ संपते, समोरचा कायदेशीर ठरतो, आणि बाकीचे तिघं पंचाकडं बघत हात वर करून उभे राहतात. गावात हे दृश्य सगळ्यांना पाठ आहे.

डिसेंबरचं कारण शोधायला मी काय काय केलं ते आठवलं तरी हसू येतं. आधी वाटलं पोरं थकतात. म्हणून उकडलेली अंडी आणि केळी सुरू केली. अंडी खाऊन पोरं तृप्त झाली आणि गोल तेवढेच खाल्ले. मग वाटलं दम कमी पडतो, म्हणून पहाटेची धाव वाढवली. त्यानं खरोखरच थकली. मग वाटलं थंडीत मैदान कडक होतं, बॉल जास्त सरकतो. आठवडाभर टँकरनं पाणी मारून घेतलं. एक गोलकीपर चिखलात घसरून मनगट मोडून बसला आणि प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही फुटबॉल शिकवताय का भातशेती?"

शेवटी माझ्या मदतीला आले मगदूम सर. संख्याशास्त्राचे प्राध्यापक, शिरोळकडचे जैन शेतकरी घराण्यातले, बारीक अंगाचे, आयुष्यात बॉलला पाय न लावलेले. पण मॅचला यायचे आणि वहीत मैदानाचं चित्र काढून, गोल कुठून आला त्याच्या रेघा ओढायचे. एक दिवस त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली.

"सर, ऑक्टोबरपर्यंतच्या रेघा बघा. चहूकडून आहेत, पण थोड्या. नोव्हेंबरपासूनच्या बघा. सगळ्या एकाच फटीतून."

फट होती उजव्या बाजूची. उजवा स्टॉपर, म्हणजे मधल्या दोन बचाववाल्यांतला उजवीकडचा, आणि कडेचा उजवा बॅक यांच्यामधली.

हे झालं माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधी. त्या वर्षीची चौघं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. डावा बॅक पहिल्या वर्षाचा, सांगेल तसं करणारा. डावा स्टॉपर आणि कप्तान सूरज, तो चिंचेच्या तालमीचा. उजवा बॅक प्रतीक, तो कमानीच्या तालमीचा. आणि या दोघांच्या मधे उजवा स्टॉपर आकिब मुल्ला. आकिब हातकणंगल्याचा. तिथून रोज रेल्वेनं यायचा. वडील शिलाईकाम करायचे. तो कुठल्याच तालमीचा नव्हता, त्याला कुणी घेतलंही नव्हतं, कारण त्याला घरी परत जायची गाडी पकडायची असायची आणि तालमीच्या सरावाला वेळेचं बंधन नसतं.

आकिबचं बी. कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. त्याला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. पेठेच्या पोराला कॉलेज संपलं तरी तालीम असते, आकिबला फुटबॉल खेळायला ही एकच वाट होती. आदल्या वर्षी निवडीत थोडक्यात राहिला होता. या वर्षी निवड समिती आंतरविभागीय फायनल बघायला येऊन बसणार होती. म्हणजे फायनलला जो खेळेल त्याचा विचार होणार, न खेळेल त्याचा विषय संपला. आकिबनं हे मला एकदाच सांगितलं, ऑगस्टमध्ये, बुटाची नाडी बांधता बांधता. "सर, ह्या वर्षी न्हाय झालं तर मग बूट काढून ठेवायचं." मी म्हणालो, "होईल रे."

सप्टेंबरात सूरज आणि प्रतीक एका डब्यात जेवायचे. एकाच्या गाडीवर दोघं यायचे. सूरज "वर!" म्हणाला की चौघं असे चढायचे की मी एकटाच टाळ्या वाजवायचो.

नोव्हेंबरात दोघं वेगवेगळे यायला लागले. मी बघितलं, पण परीक्षा आल्यात, असतील आपापल्या नादात, असं म्हटलं. मैदानावर सूरजची हाक बदलली. तो आता "आकिब, वर!" म्हणायचा. नाव घेऊन. पुन्हा पुन्हा, "आकिब, वर! आकिब!" मला वाटलं, कप्तान आकिबला झापतोय, कारण आकिब मागं राहतोय. आणि खरंच, मी निरखून बघितलं तर आकिब दरवेळी उशिरा चढत होता. सूरज पुढं, डावा बॅक पुढं, आणि आकिब मान वळवून उजवीकडं काहीतरी बोलतोय आणि मग चढतोय. मी त्याला म्हणालो, "बोलू नकोस, पळ."

तो म्हणाला, "व्हय सर."

एवढंच. आणि आपल्या जागेवर पळत गेला.

सेमीफायनलला पहिल्या हाफमध्ये आम्ही त्याच फटीतून दोन गोल खाल्ले. आमचेही दोन झाले होते म्हणून जीव राहिला. हाफटाइमला मी असं झापलं सगळ्यांना की शेजारच्या मैदानावरचे क्रिकेटवाले थांबून बघायला लागले. आकिबला तर सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझे पाय हातकणंगल्यात विसरून आलास का?" आणि तणतणत बाहेर निघून गेलो. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एकही गोल खाल्ला नाही, एक मारला आणि फायनलला पोचलो. माझ्या झापण्यानं काम केलं म्हणून मी स्वतःवर खूश. मगदूम सरांनाही म्हणालो, "बघा, पोरांना कधी कधी असंच लागतं."

ती मॅच मगदूम सरांनी गॅलरीतून मोबाइलवर घेतली होती. दुसऱ्या हाफच्या सुरवातीलाच त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली. जे काही होतं ते पहिल्या हाफचं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघांनी ते पाच-सहा वेळा बघितलं, थांबवून थांबवून. दोन्ही गोलांच्या वेळी पास निघताना सगळ्यात मागं कोण? आकिब. एक पाऊल, दीड पाऊल. रेकॉर्डिंगला आवाज होता, पण तो गॅलरीतल्या पिपाण्यांचा. मैदानावर कोण कुणाला काय म्हणतंय ते त्यात नव्हतं. पाय दिसत होते आणि मी पायांवर निकाल दिला.

फायनलच्या दिवशी सकाळी मी अकरा नावं वाचली. आकिबच्या जागी दुसऱ्या वर्षाचा एक चपळ पोरगा घेतला. प्रतीकनं तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटलं. आकिब बुटाची पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला जाऊन बसला. मगदूम सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, अर्ध्या मॅचचा पुरावा आहे आपल्याकडं. संख्याशास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत." मी म्हणालो, "मैदानात म्हणतात."

त्या दिवशी आम्ही चार गोल खाल्ले. चारही तसेच. सूरज हाक द्यायचा, नवा पोरगा टुणकन वर जायचा, आणि प्रतीक आपल्या जागी खांबासारखा. अख्खी ओळ पुढं आणि एक माणूस मागं. समोरचा गडी प्रतीकच्या खांद्याशी उभा राहून आरामात पास घ्यायचा. दुसऱ्या गोलनंतर आकिब बाकावरून उठला आणि मैदानाच्या रेषेपाशी जाऊन ओरडायला लागला, "प्रत्या, वर! प्रत्या, आता!" मी त्याच्या दंडाला धरून म्हणालो, "बस खाली. कोच मी आहे." हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा बोललो असेन. त्या दिवशीचं तेवढं परत घ्यावंसं वाटतं. मगदूम सर म्हणाले, त्याला आत घ्या, अजून वेळ आहे. मी घेतला नाही. घेतला असता तर सकाळचा निर्णय चुकला असं ठरलं असतं, आणि वर बसलेल्या समितीसमोर मला ते ठरवायचं नव्हतं.

मॅच संपल्यावर पॅव्हेलियनच्या मागं पोरं भिंतीला टेकून बसली होती. मी फेऱ्या मारत होतो आणि बडबडत होतो, की आकिबला काढलं तरी फळी फुटलीच, मग दोष कुणाचा म्हणायचा.

प्रतीक म्हणाला, "आकिब न्हवता म्हणूनच फुटली सर."

"म्हणजे?"

त्यानं सूरजकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाला, "सांगतो सर. पण पाच फेऱ्या माराय लागतील."

मला क्षणभर काही कळेना. मग माझाच नियम आठवला, आणि मी त्याच्यासमोर खाली बसलो.

गोष्ट अशी होती. पेठांचे सामने डिसेंबरात, पण हंगामाचा नारळ नोव्हेंबरातच फुटतो. त्या वर्षी चिंचेच्या आणि कमानीच्या तालमीत आदल्या हंगामाची खुन्नस होती. दोन्हीकडच्या पोरांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती की हंगाम संपेपर्यंत त्या तालमीच्या खेळाडूशी एक शब्द बोलायचा नाही आणि त्याचं ऐकायचं नाही. कमी-जास्त असं दरवर्षीच चालायचं. माझ्या फळीत दरवर्षी दोन-तीन पेठांची पोरं असायची, ऑक्टोबरपर्यंत एकमेकांना हाका मारायची आणि नारळ फुटला की मुकी व्हायची.

"मग तू वर का जात नव्हतास? ऐकू येत होतं ना?"

"येत हुतं की. पर त्यानं हाक मारली आणि मी गेलो, म्हंजे त्याचं ऐकलं असं हुतंय. गॅलरीत आमची सगळी बसल्याली सर. पुढल्या रविवारी त्यांच्यासंगं म्याच हाय."

सूरज भिंतीकडं बघून म्हणाला, "मला बी त्याला हाक मारता येत न्हवती. म्हणून मी आकिबला मारायचो. आकिब त्याला सांगायचा."

म्हणजे आकिब मागं राहत नव्हता. तो डावीकडची हाक ऐकायचा, मान वळवून उजवीकडं द्यायचा, प्रतीक हलला हे बघायचा आणि मग स्वतः चढायचा, प्रतीक एकटा मागं राहू नये म्हणून. दोन मुक्या माणसांच्या मधे तो एकटा बोलत होता आणि मी त्याला म्हणालो होतो, बोलू नकोस.

"हे मला कुणी का नाही सांगितलं?"

कशाला सांगतील? सांगायला पेठेचं नाव काढावं लागलं असतं. माझा नियम होता.

आकिब तिथं नव्हता. त्याची गाडी होती. तो मॅच संपल्या संपल्या स्टेशनवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंचेच्या तालमीत गेलो. सव्वीसपैकी तेवीस वर्षं कोल्हापुरात काढून मी तालमीचा उंबरा पहिल्यांदा ओलांडत होतो. तिथले वडीलधारे आनंदातात्या लाल माती उकरत होते. मी सगळं सांगितलं आणि विनंती केली की कॉलेजच्या मॅचपुरती तरी पोरांची शपथ सैल करा.

तात्यांनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही भलतंच मागितलंय.

"कालेजच्या कपड्यात कशाला लागू हुतीया शपथ? आवो, शपथ आमच्या रंगाची. तुमच्या कपड्यात त्यो तुमचा. त्यानं कुणाला बी हाक मारावी."

"पण पोरांना हे माहीत नाही."

"पोरं काय, अंगात आलं की देव बी वळखत न्हाईत. पर तुमी का आला न्हाईसा आदी? एवडी वर्सं झाली, आमची पोरं तुमच्याकडं खेळत्यात. एकदा येऊन इचारायचं की वो पावणं!"

पावणं. पाव्हण्यासारखाच वागलो होतो म्हणा. कमानीच्या तालमीतही तेच ऐकलं, फक्त आवाज आणखी मोठा. दोघांपैकी कुणाचीही हरकत नव्हती. इतकी वर्षं अंडी, केळी, टँकर, वह्या, मोबाइल सगळं करून झालं होतं आणि विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पुढची दोन वर्षं मी नोव्हेंबर लागला की पोरांना घेऊन त्यांच्या त्यांच्या तालमीत जायचो. वडीलधाऱ्यांच्या तोंडून पोरांना ऐकवायचो की कॉलेजच्या कपड्यात शपथ नाही. पाच फेऱ्यांचा नियम रद्द केला. उलट सरावाच्या आधी विचारायचो, काल पेठेत काय झालं, कोण कुणावर चिडलंय. पोरं आधी बिचकली, मग इतकं सांगायला लागली की सरावाला उशीर व्हायचा. डिसेंबरात फळी फुटायची थांबली. शेवटच्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि कॉर्नरवर गोल खाऊन हरलो. त्याबद्दल माझं वेगळं मत आहे, पण त्याला इथं जागा नाही.

हे सगळं आकिबच्या उपयोगाचं नव्हतं. तालमीतून परत आलो त्याच दिवशी मी निवड समितीला पत्र लिहिलं, की चूक माझी आहे, या मुलाला एकदा बघा. यादी आदल्या संध्याकाळीच लागली होती. आठवड्यानं आकिब जर्सी परत द्यायला आला. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. मला त्याला सांगायचं होतं की मी चुकलो. आणि मी काय म्हणालो? "आता परीक्षेचं बघ." तो म्हणाला, "व्हय सर," आणि गेला.

मी हा लेख लिहायला बसलो आणि इथंच अडकलो. तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. पुढचं लिहवेना. बायको म्हणाली, "कागदाला काय सांगताय? त्याला जाऊन सांगा." सूरजकडून पत्ता घेतला. आकिब कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, सुटे भाग मोजून तपासायच्या विभागात. मी दुपारी गेटवर जाऊन उभा राहिलो. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. अंगानं भरलाय, गळ्यात ओळखपत्र, पायात कारखान्याचे जड बूट.

"सर! हिकडं कसं काय?"

मी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. भीती होती की पुन्हा परीक्षेबद्दलच काहीतरी बोलून परत येईन. म्हणालो, "आकिब, फायनलला तुला काढलं ती माझी चूक होती. तू मागं राहत नव्हतास. मला नंतर कळलं आणि कळूनही मी तुला सांगितलं नाही."

त्यानं समोरच्या चहाच्या गाड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "चा घेऊया की सर."

गेटसमोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. त्यानं घरचं सांगितलं. वडिलांचे डोळे अधू झालेत, अम्मी बरी आहे. मग ग्लास हातात फिरवत म्हणाला, "त्या दोघांचं मला पयल्यापास्नं म्हाईत हुतं सर. तुमास्नी सांगायचं तर चुगली झाली असती. म्हणून मीच एक काढलं हुतं."

"काय काढलं होतंस?"

"सेमीफायनलला हाफटायमाला तुमी झापून भाईर गेलासा न्हवं? तवा मी दोघास्नी म्हटलं, आता 'वर' मी म्हणणार. सूरजनं म्हणायचं न्हाय आणि प्रत्यानं थांबायचं न्हाय. मी कुठल्याच तालमीचा न्हाय, माझं ऐकलं तर कुणाचीच शपथ मोडत न्हाय. दोघं बी व्हय म्हटले." तो माझ्याकडं बघून हसला. "दुसऱ्या हाफात त्या फटीतनं एक तरी थ्रू पास आत गेला का सर?"

नव्हता गेला. एकही नाही. ते मी माझ्या झापण्याच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

"मग सांगायचं नाहीस का मला त्याच दिवशी?"

"म्हटलं, फायनल झाल्यावर सांगू. तुमी बी लई खूश हुतासा."

आत कारखान्याचा भोंगा झाला. त्यानं ग्लास ठेवला, ओळखपत्र सरळ केलं.

मी विचारलं, "राग आला होता का रे माझा?"

"राग न्हाय सर. तसं बसलंच हुतं समदं. आनखी एक म्याच पायजे हुती."

"अम्मीला सांगतो तुमी आलतासा म्हणून," असं म्हणत तो गेटातून आत गेला. मी तिथंच उभा राहिलो. सव्वीस वर्षांत मी कितीतरी पोरांना एक-एक मॅच जादा दिली. कुणाचे वडील ओळखीचे म्हणून, कुणी गोड बोलतो म्हणून, एकदा तर पोरगं आजऱ्याचं होतं म्हणून. आकिबला द्यायला माझ्या हातात होती, आणि मी दिली नाही.